तोंडावर बोट ठेवलेली मुलगी

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी लहान मुलांकरता मोबाईलवरच्या सूचना तयार करत होतो. खेळ चालू असताना कुणी नाव, गाव, शाळा विचारली तर सांगू नये, हे मुलांना कळेल अशा भाषेत आणि चित्रात. पहिली सूचना मी फार कष्टानं लिहिली: 'मोबाईलवर आपली वैयक्तिक माहिती सामायिक करू नये.' शेजारची सात वर्षांची मुलगी आमच्या ओटीवर खेळायला यायची. तिला वाचायला दिली.

"दादा, वैयक्तिक म्हंजी खायचं काय रं?"

मग मी शब्द कापत गेलो. शेवटी उरलं, 'ओळख नाही? नाव सांगू नको.' शेजारी तोंडावर बोट ठेवलेली मुलगी काढली, कारण शाळेत ते सगळ्यांनाच करावं लागतं. तिला लगेच कळलं. मी खूश झालो. कापताकापता 'मोबाईलवर' हा शब्दही गेला होता, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्याच आठवड्यात आईचे मामा साजगावहून लग्नाची पत्रिका घेऊन आले. मी त्यांना आजोबा म्हणतो. आमच्याकडं पाहुणा टेकला की समोरच्या पोराला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"कुणाची गं तू?"

ओटीवर खेळणाऱ्या मुलीनं तोंडावर बोट ठेवलं.

"अगं, नाव तरी सांग. मुकी हाय काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, आता शाबासकी मिळणार अशा नजरेनं. मला सगळं समजलं होतं, तरी मी चहाच्या कपात बघत राहिलो. आजोबांसमोर तोंड उघडायची मला सवय नाही, आणि प्रकल्प म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं.

पलीकडून तिची आई धावत आली आणि तिनं पाठीत धपाटा घातला. "तोंड शिवलंय काय गं? पावण्यांना नाव सांगाया काय झालं?"

"दादानी सांगलंय, नाय सांगायचं," ती रडत म्हणाली.

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "मी मोबाईलचं बोललो होतो. तिला कळलं नाय."

"कालेजात हेच शिकवतात काय रं? पावणा आला की मुकं व्हायचं?" आजोबा हसले. आई हसली नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि हे ती आजोबांना दर भेटीत सांगायची. ती खाली मान घालून कप उचलू लागली.

आजोबांचं हसणं मी विसरलो असतो. पण 'तिला कळलं नाय' हे माझं वाक्य रात्रभर कानात राहिलं. मी जे लिहिलं होतं, तेच तिला कळलं होतं.

सकाळी मी चित्रात मोबाईल रेखाटला, त्याच्या पडद्यावर नाव विचारणारा बिनचेहऱ्याचा माणूस दाखवला, आणि तिच्या घरी गेलो.

"काकी, काल चूक तिची नव्हती. मीच अर्धवट लिहिलं होतं."

"असू दे रं, पोरगीच येडी हाय," काकी तांदूळ निवडत म्हणाली.

"नाय काकी. ती बरोबर वागली."

काकीचा हात सुपात थांबला. मी मोबाईल मुलीसमोर धरला.

"हे बघ. आता काय कळतंय, सांग."

तिनं चित्र पाहिलं. मग आईकडं वळून हळूच विचारलं, "आये, सांगू काय?"