लॅमिनेशन केलेली मार्कशीट

बारावीची मूळ मार्कशीट लॅमिनेट करायची नसते, हे अख्ख्या ठाण्यात माझ्या बाबांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

विद्यापीठाचा ऑनलाइन फॉर्म मी एकटीने भरलेला. साइट तीनदा झोपली, फोटो आधी मोठा म्हणून परत आला आणि मग लहान म्हणून, तरी मी हटले नाही. ठाण्यातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या यादीत माझं नाव खालून चौथं लागलं. हा विषय घ्यायचं निम्मं कारण म्हणजे त्यात गणित जवळजवळ नाही. गणिताचं आणि माझं शाळेपासून वाकडं. आठवीत शंभरात बावीस पडले तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. बाबाच मध्ये पडले. "तिला कशाला बोलतेस? माझ्यावर गेलीय. मी तरी दहावीला कुठे, काठावर पास." पुढे दर निकालाला हेच वाक्य. धाकट्या बहिणीचा निकाल लागला की तिलाही हेच. आम्ही तिघं म्हणजे घरातली ढ पार्टी, आणि बाबा तिचे अध्यक्ष. मला त्या पार्टीचा फार आधार वाटायचा.

तर यादी लागल्यावर मी इतकी खूश, की बाबांना म्हटलं, "कागदपत्रांचं तेवढं तुम्ही बघा." बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथ मशीनवर आहेत. कुठलीही वस्तू हातात द्या, ती पन्नास वर्षं टिकेल अशी करूनच परत देणार. प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी घरातल्या कागदांची फाइल उचलली आणि त्यातलं झाडून सगळं प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं. "आता वर चहा सांडला तरी चिंता नाही," म्हणाले. मी मोबाइलमध्ये होते. हूं म्हटलं.

दुसरा दिवस प्रवेशाचा शेवटचा होता; बाबाही बरोबर आले. खिडकीतल्या मॅडमनी माझी मार्कशीट उलटी केली, मागे प्रवेशाचा शिक्का मारला आणि अंगठ्याने सहज पुसून दाखवला.

"प्लास्टिकवर शिक्का धरत नाही. लॅमिनेशन काढून आणा. पाचला खिडकी बंद. आज नाही झालं तर सीट दुसऱ्या यादीत जाईल."

तेव्हा सव्वातीन वाजलेले. माझ्या पुढच्या तीन वर्षांचं काय होणार ते आता त्या प्लास्टिकवर होतं, आणि माझं डोकंच फिरलं. "कुणी सांगितलेला तुम्हाला हा शहाणपणा?" मी बाबांवर ओरडले. अख्ख्या रांगेने ऐकलं. बाबांनी फाइल काखेत मारली आणि माझ्या मागून चालायला लागले.

बाहेरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "आम्ही लावतो, काढत नाही. हेअर ड्रायरने निघतं म्हणतात, पण आपली गॅरंटी नाही." समोरच्या गल्लीत एक ब्यूटी पार्लर होतं. दारावर 'फक्त महिलांसाठी'. बाबांनी कुणी न सांगता पायरीवर चपला काढल्या आणि बाहेरच उभे राहिले.

आत पार्लरवाली ताई एका काकूंचं फेशियल करत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. शेवटी रडायलाच आले होते. काकू चेहऱ्यावरचा पॅक न हलवता म्हणाल्या, "माझं राहू दे. पोरीचं बघ आधी."

ताईने मार्कशीट उजेडात धरली. "वॅक्सिंग रोज करते गं, पण हा पडला कागद. आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघते. फाटलं तरी चालेल असं काही आहे?"

मी दारातून बाबांना विचारलं. त्यांनी फाइल चाळली. रेशनकार्डावर थांबले, ते परत ठेवलं, मग अगदी तळातून एक पिवळट कागद काढला. "हा घे. जुना आहे. कुणाला लागत नाही." मी न बघताच आत नेला.

ताईने ड्रायर फुल सोडला, कोपरा सुटल्यावर सवयीने झटका दिला, आणि कागदाचा वरचा पापुद्रा प्लास्टिकबरोबर निघून आला. मी माझी मार्कशीट उचलून मागे घेतली. ताई मात्र म्हणाली, "बरं झालं. कळलं कसं करायचं नाही ते." मग माझी मार्कशीट. ड्रायर मंद, लांबून, बोटभर सोडवायचं की थांबायचं. काकू उठून कोपरा धरून बसल्या. त्यांचा पॅक वाळून तडकला तरी हलल्या नाहीत. अर्ध्या तासाने मार्कशीट सुटली. एक सुरकुती पडली, बस.

पाचला दहा मिनिटं असताना शिक्का बसला. बाबा त्यावर फुंकर घालत राहिले, मॅडम वाळला म्हणाल्या तरी.

घरी जायला वर्तकनगरच्या बसची वाट बघताना मी फाइल लावायला घेतली. ताईने परत दिलेली त्या पिवळट कागदाची गुंडाळी उलगडली. प्लास्टिकला चिकटून आलेल्या पापुद्र्यावर बाबांचं नाव होतं. वर 'दहावीची गुणपत्रिका', खाली विषय. गणित, दीडशेपैकी एकशेएक्केचाळीस.

मी दोनदा वाचलं. दहावीच्या सुट्टीतच ते लेथवर लागले, एवढं मला माहीत होतं. का लागले, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि आज याच माणसावर मी रांगेत ओरडले होते. मला इतकी लाज वाटली की बस आलेली दिसली नाही.

"बाबा, तुम्ही तर काठावर पास होता ना?"

बाबांनी प्लास्टिककडे बघितलं, मग माझ्याकडे. चोरी पकडली गेल्यासारखे हसले.

"आईला सांगू नको हं," ते म्हणाले. "धाकटीची दहावी व्हायचीय अजून."