उशाखालचं मराठी बायबल

अर्धांगाच्या झटक्यानं जीभ लुळी पडली, तेव्हा मी देवावर भयंकर चिडले होते. कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर तमिळ शिकवलेली मी बाई, आणि मला साधं 'पाणी' म्हणता येईना! गावच्या चक्रपाणीला नवस झाले, औषधं झाली. हातपाय सावरले, पण चार महिने उलटले तरी तोंडातून एक धड शब्द नाही. हळूहळू मी आशा सोडली, नि प्रार्थनाही.

जिभेचे व्यायाम करून घ्यायला गावातल्याच मेलकावेरी भागातून एस्तर यायची. एकदा तिनं मोठ्या कौतुकानं एक पुस्तक हातात ठेवलं. "मामी, मराठी बायबल! तुमच्यासाठी मुद्दाम पुण्याहून मागवलं." झाली का पंचाईत! आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो मराठी, पण वाचतो तमिळ. त्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं. पण पोरीचा हिरमोड कसा करायचा? पुस्तक उशाखाली ठेवलं. "वाचलंत ना?" असं ती रोज विचारी नि मी रोज मान डोलवी. शेवटी ती म्हणाली, "आवडलेली ओळ दाखवा बघू." मी बोट ठेवलं ते नेमकं अनुक्रमणिकेवर!

एस्तर खो खो हसली आणि मला रडू कोसळलं. वाचता येत नाही, असं मी दोन्ही हात जोडून, मान हलवून कबूल केलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं तमिळ बायबल घेऊन आली. "मी वाचते, तुम्ही तुमच्या घरच्या मराठीत सांगायचं. जमेल तसं." देवाला मेंढपाळ म्हणणारं स्तोत्र होतं ते. दारात आमचे हे जपमाळ घेऊन उभे. मला वाटलं, आता रागावणार. तर म्हणाले, "सांग गं, मीही ऐकतो."

पंधरा दिवस माझ्या घशातून नुसती घरघर. मग एका सकाळी एस्तर त्या स्तोत्रातल्या अंधाऱ्या दरीच्या ओळीशी आली. तो मेंढपाळ तिथंही सोबत असतो, हे ऐकलं आणि माझं मन एकदम निवांत झालं. तोंडातून शब्द आले, "मी भीत नाही." स्वच्छ! यांच्या हातातली माळ थांबली. एस्तर नि मी गळ्यात गळा घालून रडलो.

अजून मी चक्रपाणीला जाते, आणि मेंढपाळाचे आभारही रोज मानते. बरं नसल्याचं जगाला दिसत होतंच, पण वाचता येत नाही हे मी कबूल केलं त्या दिवशी त्यानं मला हाताला धरलं, असं मी मानते. यांना संस्कृत स्तोत्रांमुळं ही देवनागरी अक्षरं येत. त्यांनीच मग उशाखालचं ते पुस्तक काढून मला एकेक अक्षर शिकवलं. हा अनुभव मी त्याच अक्षरांत, माझ्या हातानं लिहिला आहे, आणि आत्ताच यांना मोठ्यानं वाचूनही दाखवला.