पाचव्या मजल्यावर कोण राहतं?

शाळा सुटायच्या आधी फान सूलान फाटकासमोर जाऊन उभी राही. हातात रिकामी पिशवी असे. कुणी विचारलंच, तर भाजीला निघालेय म्हणता येतं. त्या फाटकातून बाहेर येणारं तिचं कुणीच नव्हतं. नात तांगतांग अजून बालवाडीत होती. सूलान दुसऱ्यांची पोरं बघायला येत होती.

चीनमधल्या त्या शिजियाच्वांग शहरात ज्या हद्दीत घर, त्या हद्दीची शाळा. पुढच्या सप्टेंबरात तांगतांग पहिलीत जाणार होती. तिच्या आईबापांचं घर शहराच्या पार पूर्वेला. लिफ्ट होती, दोन्ही खोल्यांत ऊन होतं, पण शाळेच्या बाबतीत कुचकामी. ते विकून चांगल्या हद्दीत घर घ्यायचं ठरलं होतं. कुठली हद्द चांगली, तेवढं ठरत नव्हतं. मुलगी हाइयान आणि जावई बिन दोघंही नोकरीवाले, तेव्हा पायपीट सूलानच्या वाट्याला आली.

पायपिटीचं तिला काही नव्हतं. कापूस गिरणीत सूत काढण्याच्या खात्यात तिची सगळी उमर गेली. यंत्रांच्या रांगांमधून दिवसभर चालायचं, तुटलेला धागा दिसला की जोडायचा. सूत बरं की वाईट, हे ती कुणाला विचारत नसे. बोटांतून ओढून बघे. शाळाही तिनं तशाच बघायला घेतल्या. पोरं बाहेर येतात ती चालत की पळत? दप्तर कोण उचलतं, पोर की आजी? पहिला शब्द काय निघतो तोंडातून?

हुआइशू गल्लीची शाळा शहरात नावाजलेली. तिथली पोरं रांगेत येत, आज्या दप्तरं काढून घेत आणि विचारत, "किती पडले?" स्टेशनामागच्या शाळेची पोरं एकमेकांना ढकलत येत, मास्तर लांब उभा. कालव्यावरच्या शाळेची पोरं पळत येत, घामेजलेली, आणि आजीला म्हणत, "भूक लागली!" सूलानला ती आवडली.

रविवारी सगळे जेवायला तिच्याकडे जमले, गिरणीच्या चाळीत. तिनं डंपलिंग केली होती. ताटलीतलं व्हिनेगर संपायच्या आत भांडण लागलं.

"कालव्यावरची," सूलान म्हणाली. "पोरं जिवंत आहेत तिथली."

"आई, जिवंत पोरं सगळीकडेच असतात," हाइयान म्हणाली. "पुढे कुठल्या माध्यमिक शाळेत जातात ते बघायचं. कालव्यावरची कुठे जातात माहितीये? कुठेच नाही."

"कुठेच नाही म्हणजे? रस्त्यावर बसतात?"

"त्यासारखंच."

बिननं फोनवर नकाशा काढला होता. "मला ऑफिसला हुआइशू गल्लीपासून दीड तास लागेल," तो हळूच म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

सूलानचा नवरा माओ देछेंग गिरणीत बॉयलरवर होता. त्यानं लसणाची पाकळी सोलली आणि म्हणाला, "आमच्या वेळी शाळा एकच होती. गिरणीची. म्हणून आम्ही सगळे सारखेच राहिलो."

"म्हाताऱ्या, तू खा."

"खातोय. कोण म्हणतं खात नाही?"

महिनाभर हेच चाललं. सूलान हिंडून यायची, सांगायची. हाइयान फोनवर चार आया काय म्हणतात ते वाचून दाखवायची. एक आई म्हणे हुआइशू चांगली. दुसरी म्हणे होती, आता नाही. तिसरी म्हणे मुख्याध्यापक बदलणार आहे. चौथी हद्दच बदलणार म्हणायची. सूलानला वाटे, एवढं तर आपण मुलीसाठी नवरा शोधतानाही चौकशी केली नव्हती. अखेर हाइयाननं टेबलावर हात आपटला. "हुआइशू. घर कसंही असो." आईनं एवढे दिवस फाटकं झिजवली ती कशाला, हे तिनं विचारलं नाही. सूलाननंही विषय काढला नाही. पोर त्यांचं, निर्णय त्यांचा.

घर दाखवायला गेंग नावाचा दलाल आला. तरणा, चकचकीत बुटांचा. शेजारी शेजारी दोन इमारती. एक हद्दीत, दुसरी बाहेर. बाहेरच्या इमारतीत ऊन, मोठा सज्जा. आतल्या इमारतीचा जिना काळाकुट्ट, घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक खोली आणि एक अर्धी खोली. स्वयंपाकघर असं, की कढई चढवली की माणसानं बाहेर थांबायचं.

"भिंतीला ओल आहे," सूलान म्हणाली.

"मावशी, भिंत कशाला बघता? शाळेची जागा बघा. एका घरावर सहा वर्षांत एकच मूल घेतात, आणि या घरावर मागची सहा वर्षं कुणी जागा घेतलेली नाही. कोरी आहे."

"आणि आम्ही राहायचं कुठे? जागेत?"

गेंग हसला. हसायला काय जातंय? त्याला तिथे राहायचं नव्हतं.

पण राहायचं होतं, तेही खरोखर. शाळेचा नियम तसा होता. नुसतं घर घेऊन कुलूप लावलं तर चालत नाही. वसंतात शाळेचे मास्तर घरी येऊन बघतात, की मूल आणि आईबाप तिथेच नांदतात का. म्हणून थंडी सुरू व्हायच्या तोंडाला चौघंजण त्या दीड खोलीत येऊन राहिले. आईबाप उघडायच्या सोफ्यावर, आजी-नात पलंगावर. देछेंग गिरणीच्या चाळीतच मागे राहिला. इथे त्याला पाय पसरायलासुद्धा जागा नव्हती.

घर लहान असलं की टापटीप जास्त लागते. सूलाननं ती ठेवली. सकाळी सोफा मिटला की दिवसभर उघडायचा नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपडे धुतलेलं पाणी संडासाला. खालच्यांना त्रास नको म्हणून तांगतांगनं घरात मोजे घालून, टाचा न आपटता चालायचं. पोरगी शहाणी, चाले. कोबी, पीठ, गॅसची टाकी, सगळं पाच मजले सूलानच्या हातांनी वर आलं. गुडघे कुरकुरत. तिनं कुणाला सांगितलं नाही.

एप्रिलात पॉपलरच्या झाडांचा कापूस हवेत उडायला लागला तेव्हा शाळेतून फोन आला. उद्या-परवा मास्तर येतील, कुणी घरी राहा.

सूलान कामाला लागली.

गिरणीत वरचे साहेब तपासणीला यायचे. त्या दिवशी यंत्रावर कापसाचा एक तंतू दिसला तरी अख्ख्या पाळीची मान खाली जाई. सूलानची पाळी कधी खाली मान घालून उभी राहिली नाही. ती सवय हाडात मुरलेली. तिनं खिडक्या पुसल्या, सांदीतला कापूस सुईनं काढला. दोरीवरचे कपडे आत घेऊन, इस्त्री करून कपाटात लावले. सपाता खोक्यात घातल्या. भिंतीवर तांगतांगनं चिकटवलेली चित्रं सोलून काढली, डिंकाचे डाग घासले. दात घासायचे चारही ब्रश पुसून ड्रॉवरमध्ये ठेवले. फ्रिजमध्ये बर्फ साठला होता, तोही बंद करून, वितळवून, धुऊन कोरडा केला. आतलं सामान तिनं नवऱ्याकडे नेऊन ठेवलं.

"हे काय?" देछेंगनं विचारलं.

"मास्तर येणारेत. फ्रिज उघडून बघितला तर?"

"मग आत काहीतरी दिसू दे की."

"तुला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. एक चाळिशीच्या बाई आणि एक तरणा मास्तर, गळ्यात कॅमेरा. पाच मजले चढून दोघांना दम लागला होता. सूलाननं दारातच त्यांच्या बुटांवर घालायला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. बाईंनी पिशव्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मावशी, तुम्ही कोण इथल्या?"

"आजी. मुलीच्या आईची आई."

"आईवडील?"

"कामावर. संध्याकाळी येतात. झोपतात इथेच, या सोफ्यावर."

सोफ्यावर पांढरी, कडक इस्त्रीची चादर होती. बाईंनी हातानं दाबून बघितली. "मुलीची खेळणी?"

"पलंगाखाली. पेटीत. बांधून ठेवलीत."

"बांधून?"

"धूळ बसते ना."

तरण्या मास्तरानं ड्रॉवर उघडला. ब्रश कोरडे. त्यानं फ्रिज उघडला. आतला दिवा लागला आणि पांढरा रिकामेपणा दिसला. त्यानं फोटो काढला. मग संडासाजवळच्या मीटरवर वाकून आकडा वाचला आणि बाईंना दाखवला.

"पाणी फार कमी वापरलंय," बाई म्हणाल्या.

"मी वाया घालवत नाही," सूलान म्हणाली. तिला बरं वाटलं. कुणीतरी बघितलं शेवटी.

जाताना बाई दारात थांबल्या. "सहा वर्षांच्या मुलीचं घर इतकं स्वच्छ मी कधी बघितलं नाही."

"लहानपणापासूनची सवय," सूलान हसून म्हणाली.

संध्याकाळी तिनं हाइयानला सांगितलं, "बाई खूश झाल्या. असं घर बघितलं नाही म्हणाल्या."

आठवड्यानं हाइयानच्या फोनवर निरोप आला. सदर घरात प्रत्यक्ष वास्तव्य आढळले नाही. हाइयाननं तो दोनदा वाचला. मग फ्रिजकडे बघितलं.

"आई, तू फ्रिज रिकामा केला होतास?"

"बर्फ काढला होता. लोक येणार म्हणून."

"ते पाहुणे नव्हते, आई! आपण राहतो का ते बघायला आले होते!"

"मग राहतो म्हणून तर साफ केलं! न राहणाऱ्याच्या घरात एवढी धूळ पुसायला कोण बसतं?"

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"सांगायला कशाला हवं? डोळे नाहीत त्यांना?"

बिन सोफ्याच्या टोकावर बसला होता. "दोघी जरा हळू," तो म्हणाला. "खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे!" दोघी एकदम म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सूलानला रात्री झोप लागली नाही. पुसलेली प्रत्येक खिडकी, वाचवलेली पाण्याची प्रत्येक बादली तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली होती. आळशी बाईच्या घरी मास्तर गेले असते तर दारातूनच परतले असते, समाधानानं.

हाइयान अर्ध्या दिवसाची रजा काढून शाळेत गेली, विनवण्या करून आली. आणखी एकदा येऊन बघू म्हणाले, केव्हा ते सांगणार नाही. तेव्हाही नाही पटलं, तर तांगतांगला जिथे जागा उरेल तिथे जावं लागेल.

"आता कशाला हात लावायचा नाही," हाइयाननं बजावलं. आणि तिनं स्वतः पसारा मांडला. सपाता इकडे, मोजा तिकडे, टेबलावर तीन कप.

सूलाननं तो नीट न्याहाळला. "हा खोटा दिसतो."

"काय?"

"मोजा असा मधोमध कुणी टाकत नाही. काढतो तिथेच पडतो, पलंगाच्या कडेला. आणि तिन्ही कप धुतलेले आहेत. पसारासुद्धा धड करता येत नाही तुला."

"मग तू कर!"

"मला येत नाही," सूलान म्हणाली. ते खरंच होतं.

देछेंग धापा टाकत वर आला, दारात उभा राहून त्यानं आत बघितलं. "वा. सूलान, जन्मभर धागे जोडलेस. आता चार दिवस गुंता सांभाळ."

"गप बस, म्हाताऱ्या. चहा घे."

"कपात चहा आहे की तोही दाखवायला ठेवलाय?"

दिवस गेले. कुणी येईना. सूलान हात मांडीखाली घेऊन बसे. सिंकमध्ये वाडगे, दोरीवर वाळलेले कपडे, जमिनीवर चित्रांचे कागद. तिला तिच्याच घरात गुदमरायला व्हायचं. हाइयान कामावरून आली की पहिल्यांदा तपासायची, आईनं काही आवरलं तर नाही ना. पोर शाळेत जायच्या आधी आजीचीच परीक्षा चालली होती.

तरणा मास्तर एकटा आला तो सकाळी, शाळा भरायच्या आधी. बिन बनियनवर स्वयंपाकघराच्या सिंकपाशी दाढी करत होता, कारण न्हाणीघरात हाइयान होती. तांगतांग वेणीसाठी रडत होती. सूलानच्या एका हातात फणी, दुसऱ्यात केस, आणि शेगडीवर बाजरीची पेज उतू जात होती. दार कुणी उघडलं ते कळलंच नाही. मास्तराला उभं राहायला जागा नव्हती. तो उघड्या सोफ्याच्या आणि कपाटाच्या मध्ये चेंगरून उभा राहिला. कुणी त्याला बुटांच्या पिशव्या दिल्या नाहीत.

त्यानं एक फोटो काढला. "झालं," तो म्हणाला.

"मीटर बघा. ड्रॉवर बघा," सूलान म्हणाली.

"नको मावशी. राहता तुम्ही. दिसतंय."

"मागच्या वेळीही राहत होतो."

"तेव्हा दिसत नव्हतं."

तो जिना उतरून गेला. हाइयान ओल्या केसांनी बाहेर आली, ऐकलं, आणि बिनच्या साबणाच्या गालाला गाल लावून हसत हसत रडायला लागली. तांगतांगला काय झालं ते कळलं नाही, तिनं रडणं थांबवलं. सूलाननं गॅस बंद केला. शेगडीवर पेजेचे ओघळ चिकटून करपले होते. तिनं फडकं उचललं.

"आई, राहू दे! यादी लागेपर्यंत राहू दे. न जाणो, परत आले तर?"

सूलान फडकं धरून उभी राहिली. शेगडीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. फडकं खाली ठेवलं. दारामागचा झाडू घेतला आणि बाहेर पडली.

जिना कुणाचाच नव्हता. पाचव्या मजल्यापासून तिनं झाडायला घेतला. कोपऱ्याकोपऱ्यातून पॉपलरचा कापूस, सिगारेटची थोटकं, वाळलेली कोबीची पानं. प्रत्येक पायरी, कडा धरून. दुसऱ्या मजल्यावर एका म्हातारीनं दार किलकिलं केलं.

"अगं बाई, जिना झाडायला नवी ठेवली वाटतं? कुणी लावली तुला?"

"कुणी नाही. मी पाचव्या मजल्यावर राहते."

"पाचव्या?" म्हातारीनं वर बघितलं. "तिथे राहतं होय कुणी? कधी आवाज नाही येत."

सूलाननं पुढची पायरी झाडायला घेतली. खाली अजून दोन मजले झाडायचे होते.