रेडिओच्या मागची वायर

गॅरेजांच्या त्या गल्लीत तिला सगळे करंटमावशी म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करते म्हणून हे नाव पडलं असावं, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. जुने लोक हसून सांगत, "छे हो! एकदा तिच्याशी वाद घालून बघा, मग कळेल."

दुकान मुळात नवऱ्याचं. लग्नानंतर ती त्याचा डबा घेऊन यायची आणि घटकाभर तिथेच टेकायची. बसल्या बसल्या बल्ब बदलायला शिकली, मग हॉर्न, मग दिव्यांचं वायरिंग. पुढे नवऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि बॉनेटमध्ये वाकायचं, गाडीखाली शिरायचं काम आपसूक तिच्या अंगावर आलं. तो आत टेबलाशी बसून जळलेले डायनॅमो उघडायचा, तांब्याची तार नव्याने गुंडाळायचा. त्याचा हात इतका सफाईदार की काम बघत राहावं. बाहेरून ती आणि आतून तो, अशी दिवसभर दोघांची तोंडं चालायची.

त्यांना एकच मुलगी. शिकली, नोकरीला लागली, स्वतःच्या पगारातून एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि वर्षभरात लग्नही केलं. जावई तोंडाचा गोड. दुकानात आला की सासऱ्यांशेजारी स्टूल ओढून बसायचा, प्रत्येक सुट्या भागाचं नाव विचारायचा. "असा जावई शोधून सापडायचा नाही," असं करंटमावशी शेजारच्या पंक्चरवाल्याला दहादा तरी ऐकवून चुकली होती.

एका सकाळी मुलगी गाडी घेऊन आली ती वैतागलेलीच.

"आई, आता तूच बघ हिच्याकडे. दोन दिवस उभी राहिली की मेलेली. ऑफिसजवळच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, डायनॅमो बदलला. परत तेच."

"त्याच्याकडे नेलीसच कशाला? आईबापाने दुकान काय शोभेला मांडलंय?"

"घरी त्याला आवडत नाही मी सारखं इकडे आलेलं," मुलगी म्हणाली आणि लगेच, "म्हणजे, लांब पडतं ना," अशी सारवासारव केली. करंटमावशीने बॉनेट उघडता उघडता तिच्याकडे पाहिलं. पोरगी वाळली होती. विचारायचं ओठांवर आलं होतं, पण आधी गाडी बघू, असं म्हणून तिने ते गिळलं.

तिने मीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरी ठीक होती, नुकतीच रस्त्यावर चार्ज होऊन आलेली. इंजिन सुरू केल्यावर आकडा चौदा व्होल्टच्या वर चढला. हेडलाइट लावले, एसी लावला, तरी जागचा हलला नाही. पट्टा घट्ट होता, अर्थिंगची तार साफ होती.

"अहो, चार्जिंग ठणठणीत आहे!" ती आत ओरडली.

"मग कुणीतरी पितंय!" आतून नवरा ओरडला. "गाडी झोपली की बघ."

म्हणजे गाडी बंद असताना करंट कुठेतरी गळत होता. करंटमावशीने बॅटरीची काळी तार सोडवली आणि मधे मीटर जोडला. तार सुटली मात्र, मुलीचा फोन वाजला.

"हो... नाही, आईकडे आलेय. गाडी दाखवायला... सांगणारच होते. सॉरी." फोन ठेवून ती ओशाळं हसली. "बघ, त्याला कसं आपोआप कळतं. परवा मैत्रिणीकडे चहाला थांबले, तर घरी पोचल्या पोचल्या म्हणाला, चहा बरा होता का? मला तर कधी कधी भीतीच वाटते गं. वाटतं, माझ्या डोक्यातलंही ऐकू येतं याला."

"प्रेम असलं की कळतं," करंटमावशी म्हणाली. तिचं लक्ष मीटरवर होतं.

दारं बंद करून ती थोडा वेळ थांबली. आकडा उतरायला हवा होता, तो उतरलाच नाही. मग तिने एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. हॉर्नचा काढला, काही नाही. वायपरचा काढला, काही नाही. रेडिओचा काढला आणि आकडा धाडकन खाली आला.

"सापडला चोर," ती खुशीत म्हणाली. फ्यूज परत बसवून तिने रेडिओ बाहेर ओढला, त्याचा जोड सुटा केला. तरीही गळती चालूच. म्हणजे रेडिओ निर्दोष होता. तिने टॉर्च दातात धरला आणि हात आत घातला. रेडिओच्या तारेला आणखी एक पातळ वायर जोडलेली होती. ती धरत धरत बोटं खोल गेली आणि काडेपेटीएवढ्या एका डबीला लागली.

काळी डबी. कडेला सिमकार्डाची खाच, आणि वर सुईच्या टोकाएवढं एक भोक.

असल्या डब्या तिने मालवाहू गाड्यांत पाहिल्या होत्या. गाडी कुठे आहे ते मालकाला फोनवर दिसतं, डबीची तार सुटली की इशाराही जातो. ते बारीक भोक कशासाठी असतं, तेही तिला माहीत होतं. त्या डबीला फोन लावला की गाडीतलं बोलणं ऐकू येतं.

तिच्या दातातला टॉर्च निसटून सीटखाली गेला.

पण एवढ्यावर संपलं नव्हतं. तिने वायरीचा जोड उजेडात धरला. कापडी टेप, आणि टेपवर मेणाचा दोरा तीन वेढे घेऊन आवळलेला. डायनॅमोच्या गुंडाळीला बांधतात तसा. गाडीच्या वायरीला असा दोरा अख्ख्या गल्लीत एकच माणूस बांधायचा.

"अहो," तिने हाक मारली. आवाज असा निघाला की नवरा हातातलं काम टाकून काठी टेकत बाहेर आला.

"हे तुम्ही बसवलंत?"

त्याने वाकून पाहिलं, आणि चेहरा खुलला. "अगं हो! तू बहिणीकडे गेली होतीस ना, तेव्हा. जावईबापू गाडी घेऊन आले होते. म्हणाले, हल्ली गाड्या चोरीला जातात, हे बसवून द्या, पण तिला सांगू नका, उगाच घाबरेल. म्हणजे हीच पीत होती होय बॅटरी? बघ बरं, माझ्या लक्षातच..."

तो बोलायचा थांबला, कारण मुलगी मटकन पायरीवर बसली होती.

"बाबा, यातून ऐकू येतं?"

त्याला समजेना. त्याने बायकोकडे पाहिलं. करंटमावशीने त्या भोकावर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

"मी गाडीतच रडायचे," मुलगी म्हणाली. "घरी रडलं की चिडतो म्हणून. मैत्रिणीला फोन करायचे ते पण गाडीतूनच. काचा वर करून."

म्हातारा गाडीत वाकला. आपणच आवळलेला दोरा नखांनी उकलायला लागला. चाळीस वर्षं त्या हातांचं कौतुक करत आलेली बायको ते बघत राहिली. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. काय म्हणून ओरडणार? तिनेही तर जावयाचे गोडवे गल्लीभर गायले होते.

तिने कटर घेतला आणि वायर तोडली.

फोन वाजला. तिघंही दचकले. पायरीवर पडलेला तो फोन थरथरत गोल फिरत होता आणि कुणीच हात लावत नव्हतं. शेवटी करंटमावशीने उचलला.

"काय गं, गाडीचं काय उचकटताय तुम्ही तिथे?" आवाज नेहमीसारखाच मधाळ होता.

"मी बोलतेय. बिघाड सापडला."

"अरे वा, आई! काय होतं?"

"काळी डबी होती. कान असलेली."

पलीकडून तोच मधाळ आवाज, जरासुद्धा न चढलेला: "काळजीपोटी केलं हो मी. आणि बाबांनीच तर बसवून दिली. विचारा त्यांना."

तिने फोन बंद केला. त्याला पहिल्यापासूनच हे उत्तर द्यायचं होतं, सासऱ्याचा हात त्याने त्यासाठीच वापरला होता, हे आता तिच्या डोक्यात शिरलं.

मुलगी त्या दिवसापासून आईबापाकडेच राहिली. डबी पोलिसांकडे जमा झाली. म्हाताऱ्याने स्वतः जाऊन, मीच बसवली, जावयाच्या सांगण्यावरून, असं लिहून दिलं. जावई एकदा दारात येऊन गेला, गोडच बोलला. करंटमावशीने त्याला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं आणि जा म्हणाली. पुढे रीतसर काडीमोड झाला.

गाडी मुलीने विकली नाही. पण बरेच महिने ती गाडीत एक अक्षर बोलायची नाही, शेजारी कुणी बसलं तरी. मग एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, चला, चक्कर मारू." म्हाताऱ्याने दुखरे गुडघे दुमडून कसंबसं पुढच्या सीटवर बूड टेकलं. रस्ताभर तो डॅशबोर्डकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. मोठ्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा मुलीनेच तोंड उघडलं. "बाबा, काहीतरी बोला ना," ती म्हणाली. "काहीही."