पडद्यावरची हवल्ली

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळात भांडणं साधारण दोनच गोष्टींवरून होतात. संमेलनाच्या जेवणात गोड काय ठेवायचं, आणि सूत्रसंचालन कोण करणार. बाकी कशावरून भांडायची फारशी सोय नाही. इथल्या कारभाराबद्दल बोलायचं नाही, कारण आपण पाहुणे. तिकडच्या राजकारणाबद्दल बोललं की कुणीतरी ताट अर्धवट सोडून उठतं आणि पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीला, दोन कुटुंबं येत नाहीत. त्यामुळे आमची काय असेल ती सगळी बंडखोरी मंडळाच्या कार्यकारिणीच्या वाट्याला येते. त्या वर्षी मात्र भांडण एका चित्रावरून झालं, आणि चित्र काढणारी माझ्याच घरातली निघाली.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. जन्मली इथेच, वाढली हवल्ली या भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर चालायचं. ती आपण होऊन मराठीत बोलायला लागली की समजायचं, आता राग आलाय.

मंडळाचे अध्यक्ष आमच्या खूप आधी इथे आलेले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, निवृत्तीला टेकलेले, स्वभावाने प्रेमळ. मंडळ ते स्वतःच्या घरातलं कार्य असल्यासारखं चालवायचे. एका शुक्रवारी ते चहाला आले आणि तिच्या खोलीच्या भिंतीवरची चित्रं बघून खूश झाले. म्हणाले, यंदा संमेलनाला रंगमंचामागे छापील फ्लेक्स नको, आपल्या मुलीने रंगवलेला पडदा लावू. विषय ‘आपलं गाव’. तिने विचारलं, काय काय काढू? तर हे उदारपणे म्हणाले, "तुझ्या मनात येईल ते काढ, बाळा."

मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय काय असतं ते मला माहीत होतं. तिला कुठून माहीत असणार?

पडद्याच्या चौकटी करायला दरवर्षीप्रमाणे आमचे सुतारभाऊ पुढे आले. हे सिंधुदुर्गातले, खैतानला गावच्याच चार जणांबरोबर एका खोलीत राहणारे, फर्निचरच्या कारखान्यात कामाला. मंडळाचा रंगमंच ते हौसेने उभारायचे. त्यांनी मोठाल्या चौकटींवर जाड कापड ताणून बसवलं आणि एका मित्राची गाडी मागून आमच्या घरी आणून टाकलं. त्या चौकटी हॉलमध्ये मावाव्यात म्हणून सोफा बेडरूममध्ये गेला. टीव्ही पासोडीखाली झाकला गेला. माझा नवरा कॉम्प्युटरवाला, त्याला घरी आल्यावर पाय पसरून बसायला लागतं. तो पलंगाच्या कडेवर ताट घेऊन बसायचा आणि म्हणायचा, कलेसाठी लोकांनी यापेक्षा जास्त सोसलंय.

मुलीने रोज काम झालं की चौकटींवर चादर टाकली, आम्हाला मध्ये डोकावू दिलं नाही. पूर्ण झाल्यावर एका संध्याकाळी तिने हॉलचे सगळे दिवे लावले आणि आम्हाला बोलावलं.

तिने आमच्या गॅलरीतून दिसणारी हवल्ली काढली होती. वाळूच्या रंगाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. खिडकीखिडकीला एसीचे डबे, काही काचांना ऊन अडवायला चिकटवलेले चंदेरी कागद. गच्चीवर डिशच्या ताटल्या आणि पाण्याच्या टाक्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. खाली कोपऱ्यावरचं किराणा दुकान, ज्याला इथे सगळे बकाला म्हणतात, त्याच्या दारात कांद्याची लाल जाळीची पोती. इमारतीचा राखणदार गाड्या धुतोय. आणि सगळ्यावर धुळीच्या वाऱ्यानंतर पडतो तसा तो पिवळसर उजेड. समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीत एक बाई काच पुसत होती. पुसता पुसता दमून तिने कपाळ काचेला टेकवलं होतं. त्या घरात काम करणारी ती बाई मीही पाहिली होती, पण अशी कधी पाहिली नव्हती.

आधी मला अभिमान वाटला आणि लगेच डोळ्यांसमोर अध्यक्षांचा चेहरा आला.

पुढच्या शुक्रवारी ते आणि सुतारभाऊ दोघंही बघायला आले. अध्यक्ष हात मागे बांधून दाराशीच उभे राहिले. मग म्हणाले, हात फार सुरेख आहे. मग घसा साफ करून म्हणाले, "पण बाळा, यात आपलं गाव कुठाय?"

"हेच माझं गाव आहे," मुलगी म्हणाली.

मराठीत म्हणाली. मी चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली, खरं तर ते अजून भरलेले होते.

अध्यक्षांनी समजुतीने सांगायचा प्रयत्न केला. आपलं गाव म्हणजे आपली मुळं, निदान एखादं देऊळ, एखादी टेकडी तरी हवी. ती म्हणाली, तिकडे मी सुट्टीत जाते तेव्हा मला सगळे विचारतात, कधी आलीस आणि परत कधी जाणार. तसं फक्त पाहुण्यांना विचारतात. मग त्यांनी त्या खिडकीकडे बोट केलं. बाकी एकवेळ चालेल, पण ही बाई नको. कार्यक्रमाला बाहेरचे पाहुणे असतात, कुणी काय अर्थ काढेल सांगता येत नाही. मुलीने विचारलं, काच पुसण्याचा काय अर्थ निघतो? ते म्हणाले, ते तुला मोठी झालीस की कळेल. हे ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

सुतारभाऊ तोवर चौकटीचे स्क्रू आवळत होते. मुलीला वाटलं ते आपल्या बाजूचे. तिने आशेने त्यांना विचारलं, मामा, तुम्हाला कसं वाटलं?

ते संकोचाने हसले. "ह्यां तर मी रोज बघतंय, बाय. ह्यां बघूक मी मंडळात कित्याक येऊ? माका माड होये."

अध्यक्षांशी वाद घालायला ती दिवसभर तयार होती. भाऊंसमोर मात्र ती रंगाच्या बाटल्यांची झाकणं लावत बसली. दोन वर्षांतून एकदा घरी जाणारा माणूस, त्याला एका संध्याकाळपुरती नारळाची झाडं हवी होती. त्यात चूक काय होतं?

ती रात्रभर चिडचिड करत बसेल असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने त्यांना फोन लावला आणि विचारलं, तुमचं घर कसं आहे ते सांगा. ते सांगत गेले. खाडीकडे उतरणारी पायवाट, शेजाऱ्याचा भांडकुदळ बैल, पावसाळ्यात दारापर्यंत येणारं पाणी. ती इकडे पेन्सिलीने काढत गेली. संध्याकाळी तिने ते कागद मला दाखवले आणि स्वतःच फाडले. म्हणाली, "हे कॅलेंडरवरच्या चित्रासारखं होतंय. मी पाहिलंच नाहीये, आई. मला नाही येत." मग पुन्हा फोन करून तिने भाऊंना तेच सांगितलं. त्यांना काही वाईट वाटलं नाही. ते आणि त्यांचे खोलीतले मित्र फहाहीलला गेले आणि तिथे एका दुकानातून माडांचा, होडीचा, मावळत्या सूर्याचा भला मोठा फ्लेक्स छापून घेऊन आले. मला दाखवताना म्हणाले, "माड केरळातले वाटतत, पण चलतीत."

अध्यक्षांनी यातून त्यांच्या स्वभावाप्रमाणे मार्ग काढला. मध्यंतरापर्यंत फ्लेक्स, मध्यंतरानंतर मुलांच्या कार्यक्रमाला मुलीचा पडदा. सगळे राजी. राहिली ती खिडकी. त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "वहिनी, तुम्ही समजवा तिला. एवढी एक खिडकी."

मी घरी येऊन जमेल तितक्या सहज स्वरात म्हटलं, त्या खिडकीला एखादा पडदा रंगवून टाक ना, निळा बिळा.

ती ब्रश धूत होती. "आई, मी शाळेतून आले की ती मला हात करते. मी लहान असल्यापासून. मी तिला पुसू?"

इतकी वर्षं एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी ऑफिसात असायचे त्या वेळी समोरच्या खिडकीतून कुणीतरी माझ्या मुलीची घरी येण्याची वाट बघायचं. मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की खिडकी राहील. त्यांना मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. तिळगूळ वाटायचं काम असो की हिशेब तपासायचं, माझं नेहमी हो असायचं. फोन ठेवल्यावर मला छान भूक लागली.

संमेलन एका शाळेच्या सभागृहात होतं. पहिल्या भागात माडांनी बाजी मारली. नाट्यगीतं चालू असतानाही लोक रंगमंचाच्या कडेला जाऊन फोटो काढत होते. सुतारभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घालून, मित्रांना दोन्ही बाजूंना घेऊन फोटो काढला आणि लगेच घरी पाठवला. मध्यंतरात वड्याची बशी हातात धरून ते हसत मला सांगत होते, बायकोने विचारलंय, केरळात कधी गेलात?

मध्यंतरानंतर दर्शनी पडदा उघडला तर मुलीची हवल्ली दिव्यांमध्ये अशी खुलली होती की माझ्या शेजारच्या बाई क्षणभर पंखा हलवायच्या थांबल्या. आणि त्या खिडकीसमोर, नेमकी तिथेच, एक उंच कुंडी ठेवलेली होती. हिरवीगार, प्लास्टिकच्या झाडाची.

मुलगी विंगेत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मी उठले. साडीचा पदर खोचला, दोन नाचांच्या मधल्या वेळात रंगमंचावर चढले आणि कुंडी बाजूला सरकवून खाली आले. पुढचा नाच संपेपर्यंत कुंडी पुन्हा जागेवर. मी पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी दर्शनी पडदा पडलेला असताना मी एका बाजूने गेले आणि दुसऱ्या बाजूने अध्यक्ष आले. दोघांचे हात कुंडीवर.

"वहिनी, सभागृहाच्या कागदावर सही माझी असते," ते दबक्या आवाजात म्हणाले. त्यांना घाम आला होता. "उद्या कुणी म्हणालं, इथे कामवाल्या बायकांना राबवतात असं हे दाखवतात, तर चौकशीला तुम्हाला कुणी बोलावणार नाही. मला बोलावतील."

हे खरं होतं. मी यावर कधी विचार केला नव्हता. आम्ही सगळे नाचायला, गायला, जेवायला येतो, आणि हा माणूस वर्षानुवर्षं प्रत्येक कागदावर आपलं नाव लिहून घरी जाऊन काळजी करत बसतो.

"पण भाऊजी," मी म्हटलं, "ती काच पुसतेय. आपल्याही घरच्या काचा कुणीतरी पुसतंच की."

ते वळून चित्राकडे बघायला लागले. इतक्या जवळून त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. बघता बघता म्हणाले, ही आमच्या मागची इमारत तर नाही? मी म्हटलं, सगळ्यांना आपापलीच वाटणार. तेवढ्यात पऱ्यांच्या वेशातल्या छोट्या मुली धावत आत घुसल्या, आम्ही दोघं घाईने विंगेत पळालो आणि कुंडी अर्ध्यातच राहिली. उरलेला कार्यक्रम त्या बाईचं अर्धं कपाळ आणि फडकं धरलेला हात दिसत होता. मुलगी नंतर म्हणाली, हे आणखी वाईट झालं, आता ती लपून बघतेय असं वाटतं. माझा नवरा म्हणाला, म्हणजे चित्रात नाट्य आलं.

कार्यक्रम संपल्यावर मोठी माणसं जेवणाच्या रांगेकडे वळली, लहान मुलं मात्र रंगमंचावर गोळा झाली. ही आमची बिल्डिंग, नाही ही आमची, आमच्या गच्चीवर अशीच टाकी आहे, अशी त्यांची इंग्रजीत जुंपली. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे, पण पाहुण्यांसमोर वाळत घातलेले कपडे कशाला? सुतारभाऊ चौकटी सोडवायला आले तेव्हा मुलगी त्यांच्याजवळ जाऊन घुटमळली. त्यांनी स्क्रू काढता काढता चित्र न्याहाळलं आणि म्हणाले, कांदे बरे काढलंस. एवढंच. ती त्यावर कितीतरी दिवस खूश होती.

कुणालाच कुठून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी कार्यकारिणीने एकमताने ठरवलं की मागे साधा काळा पडदा लावायचा.

मुलगी आता पुण्याला शिकते. तिथे तिला मुलं विचारतात, कुवेतची असून तुझं मराठी इतकं चांगलं कसं? तिला याचा राग येतो, आणि राग मराठीतच येत असल्यामुळे तिचं मराठी आणखी सुधारत चाललंय. अध्यक्ष निवृत्त झाले, पण मुलगा इथेच नोकरीला असल्यामुळे त्यांचा मुक्काम हलला नाही. अजूनही काही शुक्रवारी पत्नीला घेऊन ते आमच्याकडे येतात. मागच्या वेळी विषय पुन्हा त्या खिडकीवर गेला. ते म्हणाले, कलेने माणसाला आनंद द्यावा, अडचणीत आणू नये. मी म्हटलं, तिने तुम्हाला अडचणीत कुठे आणलं, तुम्ही स्वतःच कुंडी घेऊन धावलात. मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तीही त्यात पडली. ती इंग्रजीत, ते मराठीत, माझा नवरा अधूनमधून दोघांनाही हो म्हणत होता. कुणीच कुणाचं ऐकेना. शेवटी त्यांच्या पत्नी माझ्या हातातून फोन घेऊन खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलीला विचारू लागल्या की मेसचं जेवण कसं आहे, भाजीत तेल फार घालतात का.