आम्रपाली पास का देते?

तनुजा खडकवासल्याकडच्या गावातली. उंची बघून शाळेतल्या सरांनी हातात चेंडू दिला, तो तिशीपर्यंत सुटला नाही. एका कंपनीच्या संघात ती पगारावर बास्केटबॉल खेळली, महाराष्ट्रभर नाव काढलं. मग गुडघा कुरकुरू लागला. हे तिने फक्त एका मैत्रिणीच्या कानावर घातलं. पुढच्या निवडीत तनुजाचं नाव गळालं आणि तिच्या जागी ती मैत्रीण आली. माणसांवरचा विश्वास तेव्हा उडाला तो उडालाच. आई तुळजाबाई म्हणायची, "तुला बिनमाशीच्या चहात बी माशी दिसती."

पुढे नारायण पेठेतल्या एका क्लबाने तिला मुलींची कोच नेमलं. तिने शून्यातून संघ उभा केला. त्यात आम्रपाली म्हणजे हुकमाचा एक्का. पण यंदा स्पर्धेच्या तोंडावर या पोरीचं काहीतरी बिनसलं. समोर रिंग मोकळी असली तरी ती चेंडू टाकेना, दुसरीला पास देऊन मोकळी होई. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही, मॅम."

त्यातच एका संध्याकाळी ती कसबा पेठेत दिसली, सलिलबरोबर. सलिल प्रतिस्पर्धी क्लबचा कोच, आणि फायनल त्याच्याच संघाशी! दोघं हळू आवाजात बोलत होते. तनुजा आल्या पावली वळली. पोरगी फितूर झाली, हे तिच्या मनाने ठरवूनच टाकलं.

फायनलला तिने आम्रपालीला बेंचवरून उठूच दिलं नाही. संघ थोडक्यात हरला.

"काय कबूल केलंय गं सलिलने तुला?" तनुजाने सगळ्या मुलींदेखत विचारलं.

आम्रपालीचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅम, मला डाव्या डोळ्याने रिंग नीट दिसत नाही. कडेने काळा पडदा आल्यासारखं होतं. सलिल सरांची बहीण डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणून त्यांना भेटले. फायनल झाली की दाखवायला जाणार होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खेळू दिलं नसतंत."

तनुजाने तिला तशीच रिक्षात घातली आणि दवाखाना गाठला. डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, नजर बरीचशी वाचली, पण धक्काबुक्कीचा खेळ डॉक्टरांनी कायमचा बंद केला.

काही महिन्यांनी तनुजा आम्रपालीच्या घरी गेली. "लहान मुलींना शूटिंग शिकवायला येशील?"

"माझ्यावर विश्वास बसला का?"

"खरं सांगू? अजून कुणावरच बसत नाही. पण यापुढे मनात शंका आली की आधी तुलाच विचारीन."

आम्रपाली म्हणाली, "येईन. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलंत, तर माफीही सगळ्यांसमोर मागा."

दुसऱ्या दिवशी सरावाला तनुजाने शिट्टी वाजवून मुलींना जवळ बोलावलं. "मी आम्रपालीवर खोटा आळ घेतला. माझी चूक झाली," ती सगळ्यांसमोर म्हणाली.