पुढच्या सीटचा मान

ज्याला मान हवा असतो तो कधी मागत नाही. तो दुसऱ्यालाच आग्रह करत सुटतो. हे मला माझ्याच लग्नात कळलं, आणि त्यापायी ते लग्न मोडता मोडता राहिलं.

निजामाचं राज्य जाऊन चार-दोन वर्षं झाली होती. देवगाव फाट्यावरून मोटार जायला लागली होती. पूर्वी वऱ्हाड बैलगाड्यांनी आदल्या दिवशी निघायचं आणि वेळेवर पोचायचं. मोटार आली आणि जो तो म्हणू लागला, "आता काय घाई हाय?" आम्हीही लग्नाच्या दिवशी सकाळी आरामात फाट्यावर येऊन थांबलो. नवरी वालूरची, मुहूर्त दुपारचा.

मोटार थांबली. बायका-पोरं मागं बसली, टपावर सामान चढलं. ड्रायव्हरशेजारी एकच जागा उरली. माझे वडील नव्हते, त्यामुळे वरबापाचा मान काकांचा की मामांचा, हे कुणी उघड ठरवलं नव्हतं. काकांची उमेदीची वर्षं तालुक्याच्या कचेरीत गेलेली, तिथली अदब अंगात मुरलेली. ते म्हणाले, "मामा, तुमी बसा."

"छे! तुमी मोठे. तुमी बसल्याबिगर मी कसा बसू?"

दोघांनाही ती जागा हवी होती, हे ड्रायव्हर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ते चढेनात म्हणून बाकीचे पुरुष चढेनात, आणि थोरांच्या आधी नवरदेवानं कसं चढायचं म्हणून मी लिंबू खोचलेली कट्यार धरून खाली उभा. "बैठते क्या नक्को?" असं ड्रायव्हरनं दोनदा विचारलं आणि गाडी सोडली. बायका, पोरं, सामान, सगळं गेलं. मागं राहिली ती नुसती अदब.

मला रडू यायचंच बाकी होतं. मुलगी मी एकदाच पाहिली होती आणि ती मला मनापासून आवडली होती. नवरा वेळेवर आला नाही म्हणून मांडवातल्या दुसऱ्याच मुलाच्या गळ्यात माळ पडल्याच्या गोष्टी मी ऐकून होतो.

शेजारच्या वस्तीवर दोन बैलगाड्या मिळाल्या. गाडीत पुढं कुणी बसायचं यावर मात्र वाद झाला नाही. तिथं बैलाची शेपटी तोंडावर बसते, त्यामुळे दोघेही गुपचूप मागं जाऊन बसले.

वालूर आलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं. वेशीवर सासरे उभे. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "या, या. गोरज मुहूर्तावर लावू. समदं झालंय, तुमचीच वाट बघायलोय."

खरंच सगळं झालं होतं. मोटारीनं आधीच पोचलेल्या आईनं आणि विहीणबाईंनी मानपान, देणंघेणं, पंगतीचा क्रम, सगळं बोलून मिटवलं होतं. रुसायला हक्काचं माणूस हजर नसल्यानं कुणी रुसलंही नव्हतं. त्या पंचक्रोशीत इतकं बिनतक्रार लग्न झालं नसेल, आणि त्याचं श्रेय काका आणि मामा दोघंही आयुष्यभर स्वतःकडे घेत राहिले.

पुष्कळ दिवसांनी मी बायकोला विचारलं, "त्या दुपारी तुला भीती नाही वाटली? मी येतो की नाही म्हणून?"

ती हसली. "कशाची भीती? सासूबाई दिवसभर माझ्यापाशीच बसून होत्या. तुमी यायच्या आधीच मला सासर आवडलं होतं."